पूर्ण पिळलेली मूठ

माझ्याइतक्या नव्याकोऱ्या मोटारसायकली पिंपरी-चिंचवडात फार थोड्या माणसांनी चालवल्या असतील. ही बढाई नाही, पगारच त्याचा होता. कंपनीत असेंब्ली लाइनच्या शेवटी गाडी उतरली, तिच्या टाकीत पेलाभर पेट्रोल पडलं, की ती माझ्याकडं यायची. मी हेल्मेट घालून तिच्यावर बसायचो आणि कंपाउंडच्या आतल्या सरळ ट्रॅकवरून अकराशे मीटर जायचो. तिथं एक आडवा पांढरा पट्टा होता. पट्टा आला की मूठ सोडायची, दोन्ही ब्रेक दाबायचे, हॉर्न वाजवायचा, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, डिपर, आणि वळून परत. टाकीवर 'ओके'चा स्टिकर लावायचा आणि पुढच्या गाडीवर बसायचं. अठ्ठावीस वर्षं मी हे केलं. उन्हात केलं, पावसात केलं, मुलीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी केलं, आणि स्वतःच्या लग्नानंतर पाचव्या दिवशीही केलं.

वेगाची मर्यादा साठ. काटा साठच्या वर गेला की मेमो. मला अठ्ठावीस वर्षांत एकही मेमो मिळाला नाही, आणि याचा मला तेव्हा अभिमान होता.

लग्नकार्यात कुणीतरी हमखास खांद्यावर हात टाकून म्हणायचं, "राव, तुमची मजा आहे, रोज नवी गाडी!" मी हसायचो. काय सांगणार? पंगतीत वाढपी असतो ना, सगळ्यांच्या पानात जिलबी वाढत हिंडतो, तसं माझं होतं. प्रत्येक गाडीची पहिली दोन मिनिटं माझी. मग ती कुणाच्या घरी जायची, कुठल्या घाटात पळायची, तिच्यात खरं किती दम होता, यातलं मला काहीही कळायचं नाही. आणि घरची गाडी म्हणाल तर आमच्याकडं एक जुनी स्कूटर होती, तीही मेहुण्यानं वापरून झालेली.

रिटायर झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पिंपळे गुरवच्या आमच्या दोन खोल्यांत आधीच दोन घड्याळं होती. बायकोनं तिसरं कपाटावर ठेवलं आणि विचारलं, "आता काय करणार?"

मी म्हटलं, "मला एकदा मूठ पूर्ण पिळायची आहे."

"कसली मूठ?"

"ॲक्सिलेटरची. जिथं ती संपते तिथपर्यंत. एकदाच."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग गॅसवरच्या दुधाकडं पाहिलं. दूध उतू चाललं होतं, त्यामुळं विषय तिथंच राहिला. पण माझ्या डोक्यातून तो गेला नाही. लाखांनी गाड्या चालवलेल्या माणसाला मूठ शेवटाला टेकल्यावर हाताला काय लागतं हे माहीत नसावं, याची मला खरोखर लाज वाटायची. आणि साठी जवळ आली होती. आता नाही तर कधीच नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, जा हायवेला आणि पिळ. एक तर रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरंबाळं असतात, तिथं मी असला आचरटपणा करणार नाही. दुसरं म्हणजे तुम्ही चाकणच्या चौकात कधी गेला नाहीत. तिथं मूठ पिळण्यापेक्षा खाली उतरून गाडी ढकलत नेली तर माणूस लवकर पोचतो.

मग एके दिवशी फोनवर एक व्हिडिओ दिसला. परदेशातलं मिठाचं मैदान, बर्फासारखं पांढरं, आणि त्यावर लांबलचक माशासारखी एक मोटारसायकल. माणूस तिच्यात बसलेला नव्हता, चक्क उताणा झोपला होता, पाय पुढं, डोकं मागं, आणि वरून सगळं कवच बंद. ती जी सुटली ती पार क्षितिजापर्यंत. ना वळण, ना सिग्नल, ना म्हैस. तो व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला. बाराव्या वेळी शोध घेतला तेव्हा कळलं की आपल्या कच्छातही हिवाळ्यात रीतसर परवानगी काढून वीस-पंचवीस वेडे जमतात, मिठावर निशाणं लावतात आणि एकेकाचा वेग मोजतात. घरी बनवलेली गाडी असली तरी चालते, फक्त त्यांच्या तपासणीत पास व्हायला हवी.

तपासणी म्हटल्यावर मला धीर आला. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

आता कवच कोण बनवणार? त्यासाठी चाकणजवळच्या निघोज्याचा माझा मित्र होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, निघोज्यातल्या जुन्या घरातला. शेतावर कारखाने आल्यावर त्यानं उरलेल्या तुकड्यावर पत्र्याची शेड टाकली आणि फायबरचं काम सुरू केलं. कंपनीत आमच्या हेल्मेटांची कपाटं त्यानंच बनवली होती, तिथून आमची ओळख. सध्या तो बांधकामांच्या साइटवर ठेवायचे तयार संडास बनवतो. शेडमध्ये एका रांगेत पंधरा-वीस निळे संडास उभे असतात आणि त्यांच्या मधून वाट काढत चहा येतो.

मी त्याला व्हिडिओ दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"झोपून चालवायची व्हय?"

"झोपून."

"मग सोपं हाय की राव. आमी लहानपणी बाजारातून बैलगाडीत झोपूनच यायचो. बैल आपसूक घरी आणायचा." त्यानं फोन परत दिला. "कधी सुरू करायचं?"

सोपं अजिबात नव्हतं. भंगारातल्या एका दीडशे सीसीच्या गाडीचं इंजिन आणलं आणि मी ते पार उघडून पुन्हा बांधलं. पाइप वाकवून अठरा फुटी सांगाडा केला. हँडलच्या जागी दोन्ही कुशींना एकेक दांडा आला. दांड्यावर साधी कळ बसवली तर काम हलकं झालं असतं, पण उजव्या दांड्याला मी हट्टानं मोटारसायकलची पिळायची मूठच बसवली. नाहीतर एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

कवचासाठी माझं माप घ्यायचं होतं. मित्र म्हणाला, टेपनं कशाला, झोपा खाली. मी शेडच्या सिमेंटवर उताणा झोपलो, हात अंगाला चिकटवून. तो खडूनं माझ्याभोवती रेघ काढायला लागला. सिमेंट गार होतं, दुपारचं जेवण झालं होतं, आणि पंखा नेमका माझ्यावर होता. मला डुलकी लागली. नेमकी त्याच वेळी बायको मी घरी विसरलेला चष्मा द्यायला आली. तिनं काय पाहिलं? नवरा जमिनीवर डोळे मिटून आडवा, अंगाभोवती पांढरी रेघ, आणि शेजारी खडू घेऊन उभा असलेला माणूस. तिनं जी किंकाळी फोडली तिनं शेजारच्या वर्कशॉपची लेथ बंद पडली. मी ताडकन उठून बसल्यावर तिनं दुसरी फोडली, ती पहिलीपेक्षा मोठी होती. चष्मा फुटला. त्यानंतर आठवडाभर ती मला "उठलात का?" एवढंच विचारायची.

पण झालं असं, की त्या दिवशी ती शेडमध्ये आली ती परत गेलीच नाही म्हणा ना. या गाडीला मागं एक पॅराशूट लागतं, थांबायला. मित्र म्हणाला, विकत मागवू. बायकोनं विचारलं, कसलं असतं ते. फोटो बघून ती म्हणाली, "अहो, हा तर घेर आहे. परकराला असतो तसा." ती घरी शिवणकाम करते, अर्ध्या पिंपळे गुरवच्या साड्यांना फॉल-पिको तिचंच. तिनं छत्रीचं कापड आणलं, कळ्या कापल्या, कापडाची ओढ कुठल्या बाजूला येईल ते आम्हाला समजावून सांगितलं आणि तीन दिवसांत पॅराशूट शिवून दिलं. कडेला तिनं दुहेरी पट्टीही मारली होती. "अस्तर लावू का?" तिनं गंभीरपणे विचारलं होतं. मित्र म्हणाला, "नको वैनी, ग्वाड दिसंल पण उघडायचं न्हाई."

कवच तयार झालं तेव्हा त्याला रंग कोणता द्यायचा हा प्रश्नच आला नाही. शेडमध्ये एकच रंग होता. गाडी संडासाच्या दारासारखी निळी झाली. निघोज्यात तिच्याविषयी बरीच मतं होती. कुणी म्हणालं, गणपतीचा देखावा आहे. कुणी म्हणालं, पाणबुडी. एक म्हातारे रोज कठड्याशी उभे राहून बघायचे. शेवटी एकदा त्यांनी मित्राला बाजूला घेऊन विचारलं, "आरं, ह्यो आडवा संडास कुनासाठी?"

शेडमागं एका होऊ घातलेल्या कारखान्याचा सपाट केलेला प्लॉट होता. वॉचमनला विचारून तिथं मी सराव करायचो. जेमतेम तीनशे मीटर. झोपून दुचाकी सावरायची म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकणं. दोन्ही बाजूंना माल वाहायच्या ट्रॉलीची छोटी चाकं लावली होती. वेग आला की ती दांड्यानं वर उचलायची, थांबताना खाली सोडायची. मी किती वेळा कलंडलो ते मोजलं नाही, पण वॉचमननं मोजलं होतं. तो रोज संध्याकाळी आकडा सांगायचा. महिन्याभरानं आकडा शून्य आला, तेव्हा आम्ही टेम्पो ठरवला.

गाद्या, कांद्याची पोती आणि दोरखंड यांच्यात गुंडाळून गाडी निघाली. पुढं केबिनमध्ये ड्रायव्हर, मित्र, मी आणि बायको. तिला येऊ नको म्हणायची माझी हिंमत नव्हती, कारण पॅराशूटची घडी फक्त तिलाच घालता यायची.

मीठ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात सुंदर वगैरे काही आलं नाही. मी कंपाउंडची भिंत शोधत होतो. चारही बाजूंना भिंत नव्हती. बायको खाली वाकली, बोटानं मीठ उचलून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "कडू आहे. आमटीत घालायच्या कामाचं नाही."

नियम साधे होते. प्रत्येकाला तीन फेऱ्या, दोन पहिल्या दिवशी आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी दोन किलोमीटर वेग घ्यायचा, मग लाल झेंड्यांपासून लाल झेंड्यांपर्यंत एक किलोमीटर मोजला जाणार, आणि पुढं थांबायला हवी तेवढी जागा. वाटेत दर शंभर मीटरला एक छोटी काठी रोवली होती. तपासणीत आमची निळी गाडी पहिल्या फटक्यात पास झाली. तपासणाऱ्यानं पॅराशूटची शिवण बोटांनी ओढून पाहिली आणि विचारलं, कुठल्या कंपनीचं आहे. बायकोनं पदर सावरला.

पहिली फेरी. वरचं झाकण बंद झालं, पट्टे आवळले. मित्रानं काचेवर टकटक केलं. मी निघालो. चाळीसला बाजूची चाकं वर घेतली, गाडी सरळ उभी राहिली, एकदम शहाण्यासारखी. गिअर टाकत गेलो, पन्नास, सत्तर, नव्वद. नव्वद! इतक्या वेगानं मी आयुष्यात गेलो नव्हतो. मूठ अजून निम्मीच पिळली होती. आता, आता, म्हणेपर्यंत इंजिनाचा आवाज एकदम पडला आणि गाडी मंदावली. इंजिन पार बंद पडेल या भीतीनं मी पुन्हा जोर दिला नाही आणि झेंड्यांमधून वरातीच्या घोड्यासारखा गेलो. चिठ्ठी मिळाली तिच्यावर वेग लिहिला होता सत्तेचाळीस.

"इंजिन बसलं," मी सांगितलं. "पेट्रोल पोचत नाही."

मित्रानं कार्बोरेटर उघडला. स्वच्छ होता. पेट्रोलची नळी काढली, फुंकली. साफ होती. प्लग बदलला. दुसऱ्या तंबूंमधले चार-पाच जण आले, प्रत्येकानं एकेक निदान केलं आणि चहा पिऊन गेले. दुपारी दुसरी फेरी. पुन्हा तसंच. नव्वद, पंच्याण्णव, आणि धप्प. या वेळी एक्कावन्न.

मी झाकण उघडून बाहेर आलो तोच तापलेला. "तुझ्या टाकीला हवा जात नाही," मी मित्राला म्हटलं. "झाकणाला भोक कमी पडतंय."

"टाकी चांगली हाय. मी सोता बघितली."

"मग गाडी का बसते?"

"मला काय ठावं? तुमी आत हाय."

आणि मग मी ते बोललो. म्हटलं, "संडास बनवणाऱ्याला गाडी काय कळणार."

 हातातला पाना त्यानं पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि टेम्पोच्या सावलीत जाऊन बसला. सहा महिने या माणसानं धंदा सोडून माझ्यासाठी रेझिनमध्ये हात घातले होते. मला त्याच क्षणी वाईट वाटलं, पण माघार घेण्याइतकं मोठं मन त्या वेळी माझ्याजवळ नव्हतं. एकच फेरी राहिली होती. तीही अशीच जाणार आणि मी मूठ न पिळताच म्हातारा होणार, याचीच भीती डोक्यात घोंघावत होती.

बायको यातलं काही ऐकत नव्हती. ती ट्रॅकच्या कडेनं चालत लांब गेली होती. दिवसाच्या फेऱ्या संपल्यावर ती परत आली आणि म्हणाली, "अहो, जरा चला माझ्याबरोबर." मग टेम्पोकडं वळून, "भावजी, तुम्हीपण या."

तिघं चालत गेलो. मित्र माझ्यापासून दहा पावलं लांब चालत होता. एका काठीशी बायको थांबली आणि तिनं खाली बोट दाखवलं. पांढऱ्या मिठावर दोन करड्या घासलेल्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, त्यांच्यात हातभरही अंतर नव्हतं. दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी.

"गाडी बसली तर अशी रेघ उठते का?" तिनं विचारलं.

उठत नाही. अशी रेघ फक्त ब्रेकनं उठते. मी वाकून पाहिलं. मागचा ब्रेक दाबल्याची खूण, स्वच्छ, दोन्ही वेळा सारखी. मी काठी कितवी आहे ते मोजत मागं बघायला लागलो आणि पाचव्या काठीपर्यंत पोचण्याआधीच मला उत्तर कळलं. अकरावी. अकराशे मीटर.

मी तिथंच मिठावर बसलो.

मूठ मीच सोडली होती. ब्रेक मीच दाबला होता. इतकंच काय, आता आठवलं, माझा अंगठा दांड्यावर काहीतरी चाचपत होता, आणि मी तेव्हा म्हटलंही होतं मनात, हे काय शोधतोय आपण. हॉर्न शोधत होतो. मिठाच्या वाळवंटात, बंद कवचात झोपून, मी हॉर्न तपासायला निघालो होतो. निघोज्याच्या प्लॉटवर हे कळलं नाही, कारण तिथं तीनशे मीटरलाच कुंपण लागायचं.

हे सगळं मी दोघांना सांगितलं. सांगताना मला इतकी शरम वाटत होती की मी मिठाकडंच बघत होतो.  मित्राच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मी वर पाहिलं तर तो हसत होता. हसू आवरेना म्हणून तोही खाली बसला.

"राव," तो म्हणाला, "तुमी रिटायर झालाय, पन तुमचा हात आजून ड्युटीवर हाय!"

मग मलाही हसू फुटलं. बायको दोघांकडं कमरेवर हात ठेवून बघत होती. हसता हसता मी त्याला म्हटलं, दुपारी बोललो ते चुकलं माझं, माफ कर. तो म्हणाला, "सोडा वो. आडवा संडास तर आडवा संडास, पास झालाय न्हवं?"

हसून झालं, पण प्रश्न तसाच होता. माझा हात मी कसा अडवणार? सकाळी जिवाच्या करारानं लक्ष ठेवायचं म्हटलं तरी अठ्ठावीस वर्षांपुढं एका सकाळचं काय चालणार? मित्र म्हणाला, मूठ पिळून सुतळीनं बांधू. ते नियमात बसत नव्हतं, आणि मला जिवंत परत यायचं होतं. परत येताना बायको माझ्याशेजारी चालत होती. तिनं विचारलं, "ओके झाल्यावर तुम्ही काय करायचात?"

"उतरायचो."

"मग गाडी कुणाची?"

"गिऱ्हाइकाची. मग आमचा तिच्याशी संबंध संपला."

"मग हिला ओके कुठं केलंय तुम्ही?" ती म्हणाली. "आधी करून टाका की."

मी थांबलो. मित्रही थांबला. तो वळून म्हणाला, "वैनी, तुमी कंपनीत पायजे व्हता."

सकाळी आम्ही तिथल्या मुख्य माणसाकडं गेलो आणि सांगितलं की गाडी तापवायला बाजूच्या पट्टीवरून एकदा सावकाश जायचं आहे. त्यानं हात हलवून परवानगी दिली. मी आत झोपलो, झाकण उघडंच ठेवलं आणि साठनं निघालो. बरोबर साठ. मित्र आणि बायको आधीच अकराव्या काठीशी जाऊन उभे होते. काठी आली आणि मी हाताला म्हटलं, घे बाबा, कर तुझं काम. मूठ सुटली, दोन्ही ब्रेक लागले, बाजूची चाकं खाली आली, गाडी थांबली. माझा अंगठा दांड्यावर दाबला गेला तेव्हा मित्र दोन्ही हात तोंडाशी नेऊन "पीं पीं" असा ओरडला. बायकोनं डाव्या हाताची उघडझाप केली, मग उजव्या. डिपरसाठी तिनं दोनदा डोळे मिचकावले. पलीकडच्या तंबूतली माणसं उभी राहून बघत होती. बघू देत. मी वळवून गाडी परत आणली.

स्टिकर नव्हता. बायकोनं कपाळाची टिकली काढली आणि निळ्या नाकावर चिकटवली. "ओके," ती म्हणाली. मग तिनं चावी काढून घेतली, मला बाहेर उतरायला लावलं, आणि शोरूममध्ये देतात तशी दोन्ही हातांनी ती माझ्यापुढं धरली.

"घ्या. तुमची गाडी."

खरं सांगतो, मी आधी हात पँटला पुसले. एवढ्या लाखो गाड्या हाताखालून गेल्या, पण नव्या गाडीची चावी माझ्या हातात कुणी कधी दिली नव्हती. मी ती घेतली. मित्र टाळ्या वाजवत होता आणि नाक ओढत होता.

तिसरी फेरी. नव्वद, शंभर. नववी काठी गेली, दहावी गेली. अकरावी दिसली तेव्हा मनगट उचललं गेलं, मला ते स्पष्ट जाणवलं, जसं झोपेत पाय दचकतो तसं. "ओके झालीय," मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं म्हटलं. "ओके झालीय रे, आपला संबंध संपला." काठी मागं गेली. हात तिथंच होता.

मग मी पिळत गेलो. एकशे वीस. एकशे पस्तीस. कवच गुणगुणायला लागलं. मूठ फिरत होती, अजून फिरत होती, आणि लाल झेंड्यांच्या थोडं आधी ती थांबली. तळहाताला एक बारीकसा टक लागला. बस. एवढंच असतं. मूठ शेवटाला टेकली की एक टक लागतो आणि पुढं काही नसतं. मी तिला तशीच धरून ठेवली. डावीकडं पांढरं, उजवीकडं पांढरं, माझ्या पाठीमागं इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, आणि मी त्याला आणखी काही देऊ शकत नव्हतो, तेही मला. झेंडे आले, गेले, दुसरे झेंडे आले, गेले, तरी मी मूठ सोडली नाही. शेवटी लांबवर बसलेले पक्षी उडाले तेव्हा पॅराशूटची आठवण झाली. ते असं उघडलं की माझे पट्टे खांद्यात रुतले.

दोघं टेम्पोतून पोचले तोवर मी झाकण उघडून बसलो होतो. मित्राच्या हातात चिठ्ठी होती. त्याचा चेहरा उतरला होता.

"एकशे बावन्न," तो म्हणाला. "आपल्या वर्गातली बाकीची मंडळी दोनशेच्या घरात हाईत. आपन एकशे ऐंशी धरलं व्हतं. परत कुटंतरी आडलं राव." त्यानं माझ्या उजव्या हाताकडं चोरून पाहिलं.

"नाही अडलं," मी म्हटलं.

"तुमाला कसं ठावं?"

"मूठ टेकली होती. पहिल्या झेंड्यापासून शेवटच्या झेंड्यापर्यंत. तिच्यात एवढंच होतं, आणि ते सगळं तिनं दिलं."

त्यानं मान हलवली. त्याला पटलं असावं, कारण तो पुढं येऊन निळ्या कवचावर हात फिरवायला लागला. मला मात्र माझंच बोलणं मागून कळलं. लाखो गाड्या मी ओके केल्या, सही केली, लोकांच्या हवाली केल्या, आणि त्यातल्या एकीतही काय होतं ते मला माहीत नव्हतं. हिच्यात काय होतं ते मला पुरतं माहीत होतं.

बायको माझ्यापुढं वाकली. "रडताय का?"

"हो," मी म्हटलं, आणि हेल्मेट मांडीवर घेऊन, दोघांसमोर, पोटभर रडलो.